पाठीवरची सात वर्तुळं

लेई ग्वेईश्यांगच्या घरातून मंगळवारी वाटाणे हद्दपार झाले, बुधवारी सोयाचं दूध गेलं, आणि गुरुवारी सकाळी तिच्या लेकीनं, रूलाननं, ओट्यावरची तिरफळांची बरणी उचलून कपाटात हिवाळी रजईखाली दडवली. ग्वेईश्यांग अर्धा तास स्वयंपाकघरात हुंगत फिरली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गाठ माझ्या यकृतात आहे, जिभेत नाही."

रूलाननं फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्याकडे फक्त बोट दाखवलं. पूल बांधण्याच्या शास्त्रातली पदवी घेतलेली ही लेक गेली दीड वर्षं आपल्या लहानग्या मुलीच्या मागे घरी बसली होती. पुलांवर कुठे किती भार येईल हे मोजायची सवय रिकामी पडली होती, ती आता सगळी आईच्या पोटावर उतरली. काय खाल्लं, किती वाजता, नंतर पोट फुगलं का, वारा सरला का, किती वेळा. शेवटच्या रकान्यात ग्वेईश्यांग स्वतःच्या हातानं आकड्याऐवजी फुलं काढून ठेवायची. ज्या दिवशी चार फुलं दिसत, त्या दिवशी घरात जावई जपून वावरायचा.

तक्त्याला कारण होतं. ग्वेईश्यांगचं यकृत काविळीच्या जुन्या विषाणूनं निबर केलं होतं, आणि त्यातली गाठ नेमकी एका मोठ्या शिरेला टेकून बसली होती. सुरी लावायची सोय नव्हती. पण याच शहरात, डोंगराच्या त्या अंगाला, एका रुग्णालयात असं यंत्र होतं की जे न चिरता, नुसत्या आवाजानं गाठ भाजून काढतं. त्या आवाजाला आवाज म्हणायचं, पण तो ऐकू येत नाही. पालथं झोपायचं, पलंगाला मधोमध खिडकी असते, खाली पाण्याचं घंगाळ, पाण्यात एक मोठी वाटी. वाटीतून निघणारा आवाज सगळीकडून येऊन भाताच्या शितापेक्षा जरा मोठ्या जागेवर एकवटतो आणि तेवढीच जागा शिजते. मग पुढचं शीत. मग त्याच्या पुढचं.

डॉक्टर थान यांनी हे सांगून चार अटी घातल्या होत्या. आतड्यात वारा नको, कारण वाऱ्याला थडकून आवाज परत फिरतो. हलायचं नाही. सांगितल्यावर श्वास भरून वीस सेकंद रोखायचा. आणि कातडी स्वच्छ, सलग, धड हवी.

ग्वेईश्यांगनं हे सगळं नदीकाठच्या चौकातल्या तिच्या नाचाच्या बायकांना समजावलं ते वेगळंच. सव्वीस बायका रोज संध्याकाळी तिच्या हुकमावर नाचत. ती म्हणाली, एक बाई तुमच्याकडे बघते, काही होत नाही. पण चौकातल्या सगळ्या बायका आपापल्या जागेवरून एकाच वेळी एकीकडेच बघायला लागल्या, की ती बिचारी जळून कोळसा होते. बस, हे तसलंच यंत्र. सव्वीसही जणींना लगेच कळलं. ओउयांग मावशी, तिची तीस वर्षांची मैत्रीण, तर डोळे पुसत म्हणाली की तिचा तर अनुभवच आहे.

"आणि गंमत बघ," ग्वेईश्यांग घरी येऊन म्हणाली, "समोरच्या इमारतीनं नऊ वर्षं माझ्या स्पीकरवर तक्रारी केल्या. आता आवाजच मला वाचवणार. चिठ्ठी लिहून त्यांच्या दारावर लावते."

सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि रूलानला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. गाठ सात आठवड्यांत लिचीच्या बीएवढीची अख्ख्या लिचीएवढी झाली होती. डॉक्टर थान यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यापुढे वाढली तर शिरेला मिठी मारेल, मग हा रस्ताही बंद. दिवस ठरला होता सोमवार. मंगळवारपासून यंत्र पाच आठवडे दुरुस्तीला जाणार होतं. रूलाननं पाच आठवड्यांचा हिशोब लिचीच्या मापात करून पाहिला आणि कागद फाडून टाकला.

म्हणून शनिवारी तिनं सराव ठेवला. डॉक्टरांनी फक्त पालथं निजायचा सराव सांगितला होता. पण घंगाळातलं पाणी गार असतं असं नर्स बोलून गेली होती, तेव्हा ऐनवेळी आई दचकायला नको म्हणून रूलाननं दोन बाकांच्या मध्ये मुलीचा अंघोळीचा टब ठेवला, त्यात नळाचं गार पाणी भरलं आणि वर बर्फाचे दोन खडे टाकले. ग्वेईश्यांग बाकांवर पालथी पडली, उजवी कूस पाण्यात. मुलीचं लाडाचं नाव बटाटा. बटाट्यानं आजीची ही दशा पाहिली आणि आनंदानं किंचाळत आपली सगळी रबरी बदकं एकेक करून टबात सोडली.

पहिल्या प्रयत्नात ग्वेईश्यांग चार मिनिटं टिकली. पाय आपोआप ताल धरायचे. दुसऱ्यात अकरा मिनिटं, पण अर्धा वेळ ती जमिनीकडे तोंड करून जावयाच्या स्वयंपाकावर बोलत होती. रूलाननं बजावलं की बोलणं म्हणजे हलणं. त्यावर आई म्हणाली, मग तुझा जन्म झाल्यापासून मी सारखी हलतेच आहे. संध्याकाळपर्यंत तिनं पाऊण तास गाठला. रूलाननं तक्त्यात तांबड्या शाईनं लिहिलं आणि त्या रात्री आठवड्यात प्रथमच तिला बरी झोप लागली.

रविवारी दुपारी ग्वेईश्यांग खोकली.

एकदाच. मग तासाभरानं दोनदा. रूलान बटाट्याला पेज भरवत होती, तिचा चमचा हवेतच राहिला. खोकला म्हणजे श्वास रोखता येणार नाही. श्वास रोखता आला नाही म्हणजे यकृत आत वरखाली होणार. म्हणजे सोमवार रद्द. म्हणजे पाच आठवडे. आणि हा खोकला आला कुठून? डॉक्टरांनी न सांगितलेल्या बर्फाच्या दोन खड्यांतून. तिनं गरम पाणी दिलं, पाय शेकले, मध चाटवला. पाच वाजता आई पुन्हा खोकली, आणि या वेळी नंतर नाकही ओढलं.

आता पुढे जे झालं त्याआधी एक सांगायला हवं. मागच्या हिवाळ्यात बटाट्याला सर्दी झाली होती, तेव्हा ग्वेईश्यांगनं बिस्किटांच्या डब्यातून गारठा ओढून काढायच्या काचेच्या तुंबड्या काढल्या होत्या. नातीच्या पाठीवर दोनच लावते म्हणाली. रूलाननं तेव्हा असा काही तमाशा केला की शेजारी दार उघडून ऐकत उभे राहिले. शास्त्र, पुरावा, अंधश्रद्धा, हे शब्द तिनं त्या दिवशी इतक्या वेळा वापरले की बटाटा त्यातला एक बोलायला शिकली. डबा पलंगाखाली गेला तो गेलाच.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता पूल बांधण्याच्या शास्त्राची पदवीधर मोउ रूलान पलंगाखाली पालथी पडून तो डबा शोधत होती.

ग्वेईश्यांग सदरा काढून निमूट पालथी झाली. पण तिच्या मानेवरूनसुद्धा कळत होतं की ती हसते आहे. रूलाननं कापूस दारूत बुडवला, पेटवला, काचेत फिरवून बाहेर काढला आणि तुंबडी पाठीवर दाबली. कातडी आत ओढली गेली, घुमटासारखी वर आली. एक, दोन, तीन, चार, खांद्यांच्या मधोमध. दोन कण्याच्या बाजूंनी.

"आणखी एक, जरा खाली, उजवीकडे," ग्वेईश्यांग उशीत तोंड खुपसून म्हणाली. "तिथे गारठा धरलाय. हां. पूल बांधणाऱ्या बाईंचा हात चांगला बसतो की."

सातवी तुंबडी उजव्या बरगड्यांवर बसली. दहा मिनिटांनी सगळ्या निघाल्या आणि पाठीवर सात जांभळी वर्तुळं राहिली, टपोरी, रसरशीत. दोघींनी ती आरशात पाहिली, आणि जितकी काळी तितका गारठा बाहेर, या एका गोष्टीवर आयुष्यात प्रथमच त्यांचं एकमत झालं. रात्री ग्वेईश्यांग एकदाही खोकली नाही. रूलान दर तासाला उठून ऐकून येत होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता नर्स पेंगनं ग्वेईश्यांगचा अंगरखा पाठीवरून बाजूला केला आणि थांबली.

"हे काय आहे?"

रूलाननं पाहिलं, आणि तिला चौथी अट आठवली. कातडी सलग, धड हवी. ही अट तिनं स्वतः चार रंगांत लिहून फ्रिजवर लावली होती. तेल नको, चिकटपट्टी नको, जखम नको, सगळं तिनं पाहिलं होतं. पण वर्तुळं त्या यादीत बसतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. या गावात माणसाच्या पाठीवर वर्तुळं असायचीच, जशी सदऱ्याला बटणं.

नर्सनं विचारलं, कुणी केलं. दाराशी ओउयांग मावशी आणखी दोघींना घेऊन उभी होती, तिघींच्या अंगात नाचाचे पिवळे सदरे. नर्सच्या आवाजावरून काहीतरी शिक्षा होणार इतकं तिला कळलं आणि ती पुढे होऊन म्हणाली की मी लावल्या. तिच्या मागची म्हणाली, नाही, तिला दिसत नाही नीट, मी लावल्या चार. तिसरीनं आणखी तीन आपल्या अंगावर घेतल्या. पाठीवर सात वर्तुळं आणि कबुली चौदांची, अशी अवस्था झाली तेव्हा ग्वेईश्यांगनं पालथ्या पालथ्याच जाहीर केलं की कुणाचा दोष नाही, तिनं स्वतःच लावल्या.

नर्स पेंगनं विचारलं, स्वतःच्या पाठीला?

"मी नाचते," ग्वेईश्यांग म्हणाली. "अंग लवचीक आहे."

तेवढ्यात डॉक्टर थान आले. बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाठ पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. रूलानला वाटलं होतं की ती नीट, क्रमानं, कारणांसकट सांगेल. प्रत्यक्षात तोंडातून सगळं एकदम पडलं: बर्फ, बदकं, खोकला, पाच आठवडे.

"मी लावल्या," ती शेवटी म्हणाली. "माझी आई अडाणी नाही, डॉक्टर. मी आहे."

पलंगावरून आवाज आला. "हिला रागावू नका, डॉक्टर. पदवीधर आहे, तिला सवय नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी इतकंच सांगितलं की वर्तुळात कातडीखाली रक्त साकळलेलं असतं, ते वाटेतच आवाज पिऊन टाकतं आणि गाठीच्या आधी कातडी भाजते. मग त्यांनी शाईची लेखणी घेतली आणि ग्वेईश्यांगला कुशीवर वळवून पोटावर गार लोणी लावावं तसं काहीतरी लावून सोनोग्राफीनं पडद्यावर यकृत शोधलं आणि आवाजाची वाट शाईनं कातडीवर आखली. सहा वर्तुळं वाटेपासून दूर होती. सातवं, उजव्या बरगडीवरचं, आवाज जिथून आत शिरणार त्या उजव्या कुशीच्या बरोबर दारात बसलं होतं.

"इथून नाही जाता येणार," ते म्हणाले. "पण यकृत श्वासाबरोबर खाली येतं. बरगडीखाली दोन बोटं उतरलं तर पुढून जाता येईल. श्वास भरा बघू."

ग्वेईश्यांगनं श्वास भरला. पडद्यावर करडं यकृत खणासारखं सरकत खाली आलं. एक बोट. दुसऱ्यांदा दीड. रूलान स्वतःही श्वास भरत होती, नर्स पेंगसुद्धा. डॉक्टरांनी दाराशीच्या पिवळ्या सदऱ्यांकडे बघत विचारलं, स्पीकर बंद पडल्यावर या सगळ्या बायकांना ऐकू जायला किती श्वास घेता? ग्वेईश्यांगचे डोळे चमकले. तिनं असा श्वास भरला की पलंग करकरला. दोन बोटं, आणि वर एक नख.

ते म्हणाले, चालेल, पण हे चाळीसएक वेळा लागेल, गुंगीत, आणि प्रत्येक वेळी एवढंच. सुरुवात करतो. तीन श्वास ओळीनं फसले तर थांबावं लागेल, आणि मग पाच आठवडे.

कातडीची तयारी सुरू झाली. केस काढले, स्पिरिटनं पुसलं, आणि मग नर्सनं कातडीवरचे हवेचे बारीक बुडबुडे ओढून घेणारी एक पेली आणली. ती पोटावर बसल्यावर कातडी घुमटासारखी वर आली. ग्वेईश्यांगनं मान वळवून लेकीकडे पाहिलं, मग नर्सकडे.

"ही तुमची आहे म्हणून चालते वाटतं?"

नर्स पेंगनं ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलत होते.

डॉक्टरांनी रूलानला काचेच्या अलीकडे, पडद्यांच्या खोलीत बसू दिलं. एरवी घरच्यांना तिथे बसवत नाहीत, पण हिला बाहेर सोडलं तर ही आणखी काहीतरी करेल असं त्यांना वाटलं असावं. आत ग्वेईश्यांग पालथी, अर्धवट गुंगीत, पोट पाण्यात. डॉक्टर माइकमध्ये म्हणाले, "श्वास भरा. रोखा."

"रोखला," ग्वेईश्यांग म्हणाली.

अर्थात तो सुटला. पडद्यावरचं यकृत झर्रकन वर गेलं. डॉक्टरांनी समजावलं की बोलायचं नाही, नुसता रोखायचा. ती म्हणाली, बरं. पुन्हा भरला, पुन्हा रोखला, आणि अगदी आज्ञाधारकपणे, पुटपुटत: "आता नाही बोलत."

दोन फसले. डॉक्टर थान यांनी हात मांडीवर ठेवले आणि रूलानकडे पाहिलं. "तुमचं ऐकतात का त्या?"

रूलान म्हणाली, जन्मात नाही. आणि बोलता बोलताच तिला कळलं की आई कुणाचं ऐकते. तिनं माइक ओढला. गेली नऊ वर्षं खिडकीतून रोज संध्याकाळी ऐकलेला चौकातला तो आवाज, तो दम, तो तुच्छतेचा सूर तिनं घशात गोळा केला.

"मागची ओळ," ती कडाडली. "तोंडं बंद. बाजार भरलाय का इथे? श्वास भरा. छाती वर. आणि पुतळा व्हा. जी हलेल तिला उद्यापासून झाडामागे उभी करीन."

काचेपलीकडे ग्वेईश्यांगचं अंग ताठ झालं. तिचे पाय जुळले. यकृत खाली आलं, दोन बोटं आणि एक नख, आणि तिथे असं थांबलं की जणू चित्रच. डॉक्टरांचा पाय यंत्राच्या पेडलवर पडला. करड्या गाठीच्या तळाशी एक पांढरा ठिपका उमटला, पहिलं शीत शिजल्यासारखा.

"सोडा," रूलान म्हणाली. "आळशी कुठल्या. पुन्हा."

एक तास पन्नास मिनिटं ती आईला आईच्याच आवाजात झापत होती. सुरुवातीला लाज वाटली, मग घसा मोकळा झाला, मग मजा यायला लागली. विसाव्या श्वासाला तिनं ओउयांग मावशीच्या कमरेवर टीका केली, तिसाव्याला सगळ्या ओळीच्या नवऱ्यांवर. पडद्याशी बसलेला तंत्रज्ञ खाली मान घालून हुंदके द्यावेत तसा हसत होता. ठिपक्याला ठिपका लागत गेला, पांढरं वाढत गेलं, काठाकाठानं, शिरेच्या अलीकडे थांबून, वळून. एकदाच ग्वेईश्यांग कण्हली, खांदा दुखतो म्हणाली. डॉक्टरांनी जागा बदलली. सेहेचाळिसाव्या श्वासानंतर त्यांनी पाय उचलला आणि म्हणाले की आज इथवर. बाकी उद्याचं चित्र सांगेल.

उद्यापर्यंतचा वेळ कसा गेला ते रूलानला नंतर सांगता येईना. मंगळवारी सकाळी अकरा वाजता आईच्या नसेत रंग सोडून चित्र काढलं. डॉक्टर थान यांनी ते खोलीत आणून खिडकीच्या उजेडाला धरलं. यकृत सगळं उजळलेलं होतं, कारण जिथे रक्त पोचतं तिथे रंग पोचतो. आणि त्यात एक लंबगोल, लिचीएवढा, मिट्ट काळा.

डॉक्टरांनी सांगितलं की काळं ते मेलेलं. कडेला सगळीकडे काळं आहे, शिरेपाशीसुद्धा. दर तीन महिन्यांनी बघत राहावं लागेल, निबर यकृताचा भरवसा नसतो. पण ही गाठ गेली.

रूलाननं विचारलं, सगळी? ते म्हणाले, सगळी. तिनं विचारलं, म्हणजे पूर्ण? ते म्हणाले, पूर्ण. चौथ्यांदा विचारल्यावर पलंगावरून आई म्हणाली, "अगं, त्यांना घरी बायकामुलं असतील. सोड."

तेव्हा रूलानला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग तिला उभंच राहवेना. ती दाराबाहेर पडली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून उचक्या, आणि थांबायचं नाव नाही. पिवळे सदरे गोळा झाले. कुणी म्हणालं गार पाणी द्या, कुणी म्हणालं पाठ चोळा. नर्स पेंगनं वाकून विचारलं की या शेवटच्या जेवल्या कधी.

कुणालाच माहीत नव्हतं. रूलानलाही नाही. आईचं खाणं बंद झाल्यापासूनचा सगळा हिशोब तिच्याकडे होता, मिनिटामिनिटाचा. त्यात स्वतःचा रकानाच नव्हता.

आतून, जिला उठायची अजून मनाई होती तिचा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू गेला. "ओउयांग, खाली गल्लीत काळ्या गुळाच्या पाकातल्या चिकट भाताच्या वड्या मिळतात, त्या आण. दोन बश्या. आणि तिच्यासमोर बसून राहा, संपेपर्यंत हलू नकोस."

ओउयांग मावशी तीन बश्या घेऊन आली आणि समोर मांडी घालून बसली. रूलाननं पहिली वडी तोंडात टाकली. ती टाळूला चिकटली, पाक हनुवटीवर ओघळला, आणि ती हसत हसत, चघळत, दुसरीला हात घालत राहिली. मावशी तिच्या जबड्यावर नजर ठेवून, ओठांतल्या ओठांत, घास मोजत होती.